सरवा कोणाचा

शेतमालक मारोतरावानं कापूस वेचणाऱ्या वच्छलाबाईचं गाठोडं पंचायतीत आणून आपटलं अन् तिला चोर म्हटलं. गाठोड्यात काय, तर शेवटच्या वेचणीनंतर कपाशीच्या पऱ्हाटीवर उरलेला सरवा, म्हणजे कवडी झालेला किडका कापूस. पिढ्यान् पिढ्या तो वेचणाऱ्या बायांचाच. पण बोंडअळीनं कापूस खाल्ला अन् मालकांना कवडीही गोड लागायला लागली. सोमवारी सगळ्यांसमोर माफी माग, नाही तर पोलीस, असं त्यानं तिला बजावलं.

वच्छलाबाईसोबत वेचणीला जाणाऱ्या नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सातवी शिकलेली, मोर्चांत घडलेली. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रात सरवा गरिबाचा हक्क म्हणून लिहिलाय, असं तिनं एका शिबिरात ऐकलं होतं. ती थेट यवतमाळच्या एका ग्रंथालयात धडकली.

"त्या शास्त्राचं मराठी भाषांतर आहे, पण ते अभ्यासकांसाठी असतं, बाई," ग्रंथपाल म्हणाला.

"मंग मी काय ढोरायसाठी कुटार मांगाले आली?"

कपाट उघडलं. आत वाळवीची माती, उंदराच्या लेंड्या. वर देणगीदाराच्या फोटोला मात्र ताजा हार. नलूला शिसारी आली. भाषांतर तर त्याहून नासकं: 'क्षेत्रस्वामीने अवशिष्टांश अकिंचनांस्तव त्यागावा.' हे गरिबानं वाचावं? शब्दकोश मागून घेऊन तिनं एकेक ओळ फोडली अन् शेवटच्या एसटीपर्यंत वहीत आपल्या बोलीत उतरवली.

सोमवारी मारोतराव छाती काढून बोलला, "मी का कसाई हाओ? आमच्या घरी कामाले येनाऱ्या मैनाबाईले सरवा येचू देतोच न मी!"

नलूनं वही उघडली. "आइका. एकीले येचू देलं अन् दुसरीले अडोलं, त मालकच गरिबाले लुटते."

"कुठं लिवलं हाय?"

"यहुद्यायच्या शास्त्रात."

"ते कोन? मुकुटबनकडचे काय?"

लोक हसले. सरपंच फुलसिंग हसला नाही. "मारोतराव, मैनाबाईचं त तुमीच बोलले. मंग वच्छलाच काहून चोर?"

तेवढ्यात वच्छलाबाई उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं.

"अन् माफी?" मारोतराव ओरडला.

"मांगा न मंग. मी आइकतो," ती म्हणाली अन् चालू लागली.

नलू बाहेर येऊन पचकन थुंकली. गावातली प्रत्येक म्हातारी जे जन्मभर सांगत होती, ते ऐकायला यांना सातासमुद्रापारचं शास्त्र लागलं.