नमुना खराब

प्रयोगशाळेतल्या काकांनी तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. आकडा पटला नाही, की 'नमुना खराब, परत पाठवा' असा शिक्का हाणून मोकळे. चूक त्यांची कधी नसायचीच. उजव्या डोळ्याला धूसर दिसू लागलं, तेव्हाही त्यांनी दोन महिने सूक्ष्मदर्शकाची काच पुसली.

शेवटी काकूंनीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. "डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूज आणि गुठळी दाखवणारे रक्तातले दोन्ही आकडे तपासून आणा."

काकांनी स्वतःचं रक्त स्वतःच तपासलं. दोन्ही आकडे हवे त्याच्या दुप्पट आले. त्यांनी बाणेदारपणे शिक्का हाणला.

काकूंनी अहवाल वाचला. "नमुना खराब आहे, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण परत पाठवला, तर सासूबाई घेतील थोड्याच."