मशीनला पाणी का येईना

आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आलं ते माझ्या हट्टानं. मी हडपसरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे, दोन बस बदलून घरी यायचे आणि मग बाथरूममध्ये धुणं घेऊन बसायचे. लग्नाला दीड वर्ष झाल्यावर मी जाहीर केलं, की एकतर मशीन येईल, नाहीतर या घरात यापुढे कुणी कपडे बदलणार नाही. नवऱ्यानं मशीन आणलं. सासूबाईंनी झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात ताक चांगलं होईल."

तीन महिने मशीन शहाण्यासारखं वागलं. मग ऐन पावसाळ्यात, एका सोमवारी, त्यानं पाणी घेणं सोडलं. नळ पूर्ण उघडा, बटण दाबलेलं आणि आत सुतळीएवढी धार. अर्ध्या तासानं ते केविलवाणं कोकलायचं आणि पडद्यावर कुठलीशी दोन अक्षरं लुकलुकायची.

"बघ, हाक मारतंय," सासूबाई म्हणाल्या. "दोन तांबे नेऊन ओत."

मंगळवारी त्यांनी मुदत घातली. रविवारपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर जिथून आणलं तिथं पोचवा, मला बाल्कनीत कुंड्या ठेवायच्या आहेत. म्हणजे सोमवारपासून मी पुन्हा साबण, ब्रश आणि दुखणारी कंबर. मला रडूच यायचं बाकी होतं.

नवरा बँकेत होता. माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचलं की जगातलं काहीही दुरुस्त होतं, अशी त्याची श्रद्धा. मंगळवारी त्याला पान चारवर कळलं की मशीन समपातळीत हवं. त्यानं पुढच्या पायाखाली एका लग्नाची पत्रिका घडी करून घातली. मशीन मागं कललं. मग मागच्या पायाखाली मुंजीची पत्रिका गेली. बुधवारी त्याचा संशय झाकणावर गेला. झाकण नीट बसत नसेल म्हणून तो दोन्ही तळवे त्यावर दाबून वीस मिनिटं उभा राहिला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, मशीनला आशीर्वाद देतोय. गुरुवारी त्यानं नळालाच पाणी कमी आहे का हे बघायला बेसिनचा नळ सोडला आणि ऑफिसचा शर्ट भिजवून घेतला. पाणी भरपूर होतं. "मशीनची इच्छाच नाही," असा निष्कर्ष काढून त्यानं पुस्तिका मिटली. मी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो.

शनिवारी मी लवकर घरी आले. बघते तर सासूबाई बाल्कनीत, मशीनच्या मागं, नळाशी वाकलेल्या. मला पाहून त्यांनी हातातली पक्कड पदराखाली घातली.

"काय करताय आई?"

"कुंड्या बघत होते."

बाल्कनीत एकही कुंडी नव्हती. मला लख्ख कळलं. ज्या बाईला मशीन पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको, तीच त्याचं पाणी तोडतेय. माझं डोकं असं तापलं की भाजी निवडताना मी मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकली. मनातल्या मनात एक वाक्य मात्र छान तयार झालं: 'मशीन नको होतं तर तोंडावर सांगायचं होतं, आई.' ते मेकॅनिकसमोर म्हणायचं, असंही ठरवलं. साक्षीदार हवा ना.

रविवारी सकाळी कात्रजहून मेकॅनिक आला. त्यानं मागच्या नळाला जोडलेला पाइप फिरवून काढला, आत बोट घातलं आणि चिखलात भिजलेलं काहीतरी बाहेर ओढलं. झटकलं तर धोतराचं फडकं निघालं. चार पदरी, कडेनं बारीक टीप घातलेलं.

"ह्ये काय हाय?" त्यानं विचारलं.

"विचारा आईंनाच," मी म्हणाले आणि वाक्य काढायला तोंड उघडलं.

"गाळणं आहे," सासूबाई म्हणाल्या. "नळाला गढूळ पाणी येतंय. हिचा एप्रन पिवळा पडत चाललाय. इतक्या शिकलेल्या मुलीनं तसल्या एप्रनात लोकांचं रक्त काढायचं? आधी एकपदरी लावलं होतं, गेल्या सोमवारी पाणी चहासारखं आलं म्हणून चौघडी केली. काल स्वच्छ धुऊनही लावलं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" नवरा ओरडलाच.

"मला काय माहीत! साधं गाळलेलं पाणी घेता येत नाही, ते कसलं मशीन?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मशीनच्या बटणांकडे बघत उभी राहिले.

मेकॅनिकनं मशीनच्या तोंडाशी असलेली बोटाच्या पेराएवढी जाळी काढून दाखवली. "आजी, कंपनीनं बी गाळणं दिलंय की."

सासूबाईंनी ती उजेडात धरली. "भोकं मोठी आहेत."

तो ते फडकं फेकणार, एवढ्यात मी त्याच्या हातातून घेतलं. धुतलं, पिळलं, टीप उसवून एक पदर वेगळा केला आणि त्याला म्हटलं, हा लावून द्या.

"ताई, पाणी हळू भरंल."

"भरू दे हळू."

त्या दिवशी एक एप्रन धुऊन निघायला पावणेदोन तास लागले. मी तो दोरीवर घातला आणि सासूबाईंना बोलावून विचारलं, आता ठीक दिसतोय का. त्यांनी कॉलर उलटून पाहिली, बाह्या पाहिल्या.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलाचंही कधी केलेलं नाही.