गळ्यातले हाली रुपये

"गळा कुठंय?"

गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तिचा पहिला प्रश्न हाच. दागिना हातात आणि बाई घरी, असा कुणी आला तर ती मान वर करत नसे. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवून, दुसरं टोक दातांत धरून ती हातातली गाठ पुरी करायची आणि दात न उघडता म्हणायची, "गळा आणा, मंग बोला."

तुमच्याही गावच्या सराफ्यात अशी एखादी पटवेकरीण असेल. सोनार घडवतो, ती ओवते. अंबडला एका मारवाडी शेटजींच्या पेढीच्या ओट्यावर तिची जागा होती. मी तेव्हा तहसिलीच्या खजिन्यात कारकून होतो. कचेरीची वाट त्या ओट्यासमोरून जायची, त्यामुळे सरकारचा दिवस सुरू होण्याआधी मला तिचा आवाज ऐकावा लागे.

ती गोड बाई मुळीच नव्हती. एकदा तिच्या लाल दोऱ्याचा रंग सुटून एका नवरीचा गळा रंगला. सासू भांडायला आली, तर हिने तिलाच सुनावलं, "दोरा बराबर हाय. तुमच्या सुनेचा घामच वंगाळ."

आमच्याकडच्या बायका तेव्हा काळ्या मण्यांसोबत, एकाच दोऱ्यात कडी जोडलेले चांदीचे रुपये ओवून घालत. त्याला गाठलं म्हणत. रुपये निजामाचे, म्हणजे हाली. मधोमध चारमिनार, भोवती फारसी अक्षरं. ती वाचू शकणारे तालुक्यात मोजकेच होते. एवढा मोठा राजा, आणि त्याचं नाव हजारो बायका उलटंसुलटं गळ्यात घालून शेणी थापत होत्या. राजवैभवाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

गाठल्याला एक रिवाज होता. गाठ जिने मारली, तिनेच ती सोडायची. मण्यांचा दोरा कात्रीने कापला तर नवऱ्याच्या आयुष्याला कात्री लागते, असं सगळे मानत. सर्वांत जास्त नवरे मानत.

तिच्या स्वतःच्या गळ्यात फक्त एक काळा मणी होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "रुपये नवऱ्यानं नेले. हैद्राबादला चाललो, जल्दी येतो म्हणला. जिता हाय का न्हाई ठाऊक न्हाई, म्हणून मणी ठिवलाय." मग दोरा ताणत म्हणाली, "म्या झोपल्ते तवा सोडलं मेल्यानं. मला इचारलं बी न्हाई."

पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं. राजाची तसबीर भिंतीवरून एका दुपारी उतरते, नाणं उतरायला वर्षं लागतात. जुन्या राज्यांचा इतिहास वाचा, प्रत्येक नव्या धन्याला पहिली घाई असते ती आधीच्याचा शिक्का गोळा करण्याची. आमच्या नव्या सरकारलाही ती झाली. हाली बंद होणार, हिंदुस्थान सरकारचा कलदार रुपयाच चालणार, लोकांनी मुदतीत बदलून घ्यावं, असा हुकूम आला. कडी जोडलेलं नाणं खजिना घेणार नाही. कडी काढून, घासून आणावं.

इथवर ठीक होतं. पण आमचे तहसीलदारसाहेब नवे होते आणि त्यांना भाषणाची हौस होती. जुन्या राजाचं नाणं अंगावर बाळगणं हा नव्या राज्याचा अपमान आहे, असं एक वाक्य त्यांनी दवंडीत स्वतःचं घातलं. हुकमात ते नव्हतं. दवंडीवाल्याला मात्र तेच सगळ्यांत आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर नवऱ्यांची रांग लागली. बायकांची गाठली कुणाच्या उपरण्यात, कुणाच्या टोपीत. मला आठवतो तो एक तरणा गडी, तेल लावून भांग पाडलेला.

"गळा कुठंय?"

"घरी हाय. भाकरी करून राह्यली."

"तिला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं मावशी? हुकूम हाय सरकारचा."

"हुकूम खिशातल्या रुपयाला. गळ्यातला रुपया तिचा. काय घेऊन राह्यला त्याचं?"

गडी लाजला. "सायकल."

"मंग सायकल आण. तिच्या दांडीला ओवून देते."

रांग हसली. गडी चिडला. "न्हाई सोडत तर कात्रीनं कापीन!"

तिने पेटीतली कात्री काढून त्याच्यापुढे ठेवली. "काप. जल्दी कर, लोक खोळंबलेत."

त्याने कात्रीकडे पाहिलं. कपाळ पुसलं. मग गाठलं पुन्हा उपरण्यात बांधून निघून गेला. त्याच्यामागे रांगही पातळ झाली.

साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी शेटजींना बोलावून घेतलं. शेटजी परत आले ते घाम पुसत. "मावशी, साहेब माझ्या पेढीवर नजर ठेवून राह्यले. बाजारच्या दिवशी कचेरीत बसून गाठली सोड म्हणतात. नाही तर तुला ओट्यावरून उठवायला सांगितलंय. मी काय करू?"

"तुम्ही काई करू नका. तुम्हाला तेच बराबर जमतं," ती म्हणाली. "साहेबाला सांगा, सोडते. पण गळे बोलवा."

साहेबांना हा आपला विजय वाटला. कचेरीच्या आवारात सतरंजी आली, टेबल आलं, शिपायाने पट्ट्याचं पितळ घासलं. खजिन्यातर्फे मीही तराजू घेऊन बसलो. बायका आल्या, गाठली गळ्यात घालून. मागे त्यांचे नवरे.

पहिली आली ती सायकलवाल्याची बायको. वयाने पोरच. पटवेकरणीने तिच्या मानेवरचा अंबाडा बाजूला केला, गाठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "पोरी, तुझ्या गळ्यातलं हाय. सोडू का?"

नवरा खाकरला. साहेब खाकरले. पोरीने मूठभर रुपये छातीशी धरले आणि काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. साहेबाला बारीक आवाज ऐकू येत न्हाई."

"न्हाई सोडायचं!" पोर ओरडली. आणि आपण ओरडलो याचंच तिला नवल वाटलं असावं, कारण ती हसायला लागली.

दुसरीने न्हाई म्हटलं. तिसरीने तर बसायच्या आधीच म्हटलं. एक म्हातारी मात्र म्हणाली, "सोड बाई, लेकाच्या औषधाला पाहिजेत." पटवेकरणीने मुकाट्याने गाठ सोडली, रुपये म्हातारीच्याच ओंजळीत दिले आणि उरलेले मणी ओवून दिले. ओवणावळ घेतली नाही. बाकीच्या आल्या तशा, गळ्यात चारमिनार वाजवत गेल्या. माझा तराजू जवळजवळ रिकामाच परत गेला.

आठवड्याच्या आत ओटा गेला. शेटजींनी तिथे छत्र्या दुरुस्त करणारा बसवला. पेटी डोक्यावर घेताना ती मला म्हणाली, "बाबू, तुझा राजा आता कोन?"

"पगार देईल तो."

"मंग तू बी खिशातलाच रुपया," म्हणाली आणि चालू लागली.

पुढे ती बाजारोबाजार फिरू लागली, कधी आष्टी, कधी वाटूर. बायका तिला हुडकत यायच्या. काही वर्षांनी ती कुठल्याच बाजारात दिसेना. कुणी म्हणे गेली, कुणी म्हणे हैद्राबादला गेली. अंबडच्या सराफ्यात त्या जुन्या गाठी सोडणारं मग कुणीच उरलं नाही.

मी तिला शेवटची पाहिली ती त्याआधी, वाटूरच्या फाट्यावर. बदलीच्या गावी जायला मोटारीची वाट बघत होतो. ती रस्त्याच्या कडेला, जवळजवळ रस्त्यातच, पोतं टाकून बसली होती आणि समोर एक बाई मान खाली घालून बसली होती. भोवती आणखी चारपाच जणी. कुणी बडा साहेब येणार होता. शिपाई धावत आला. "उठा, उठा! गाडी येऊन राह्यली!"

फाट्यावरचे सगळे पुरुष उठून उभे राहिले. मीही राहिलो. गाठ अर्धी झाली होती. तिने डोळे वर केले नाहीत, त्या बाईने मान हलवली नाही, आणि भोवतीच्या चौघी-पाचजणी आणखी जवळ सरकून बसल्या.

जीप आली. भोंगा वाजला, पुन्हा वाजला. मग चाक रस्त्याखाली उतरवून, धूळ उडवत, जीपच त्यांना वळसा घालून गेली.