सर्व सुरळीत

माझी मुलगी मुक्ता संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक दुरुस्त करत बसली होती. सकाळपासून तो सात वेळा बंद पडला होता. त्याच्या नोंदी मी नीट वाचल्या. सातही वेळा शेवटची ओळ एकच होती: सर्व सुरळीत.

"म्हणजे हा खोटं बोलतो?" मी विचारलं.

"नाही हो बाबा, पडेपर्यंत त्याला कळतच नाही. कारण शोधायचं तर बाहेरच्या मशीनच्या नोंदी बघायच्या."

ती कामाला लागली. मी त्या ओळीकडे बघत राहिलो. माझा थोरला भाऊ जाऊन चार महिने झाले. दर रविवारी मी फोन करायचो आणि दादा म्हणायचा, "मजेत आहे रे." शेवटच्या रविवारीही तेच म्हणाला. आत काय मोडतंय हे ज्याचं त्याला कळत नसेल, किंवा सांगवत नसेल. मी मात्र त्याच्या घरात दुसऱ्या कुणाला कधी विचारलंच नाही.

दुपारी वहिनींना फोन लावला. "दादाला आधीपासून त्रास होता का?"

त्या म्हणाल्या, "तीन मजले चढताना प्रत्येक मजल्यावर बसायचे, भावजी. दोन महिने. मला वाटलं, तुम्हाला सांगत असतील."