नवाबाच्या तलवारीपुढची खंडेनवमी

आज सुनेनं विळ्या-कोयत्याला हळद लावली आणि त्या वासानं मला हैदराबादच्या नवाबाचा महाल आठवला. तेव्हा मी दौंडच्या इंजिन शेडात होतो, रेल्वेच्या पासावर नव्या बायकोला तिथलं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. लोखंडी कड्यांची चिलखतं, नक्षीच्या ढाली आणि पात्यावर सोन्याची अक्षरं असलेली एक लांब तलवार. खंडेनवमीचाच दिवस. हत्यार दिसलं तशी हिनं कनवटीची हळद-कुंकवाची पुडी सोडली आणि बोट थेट पात्याकडं नेलं. म्हातारा पहारेकरी काठी आपटत धावला, "हात मत लगाओ! अल्ला का नाम लिखा है! चलो, बाहर निकलो!" मी तर दोन पावलं मागं सरलो. ही मात्र जागची हलली न्हाई. म्हणाली, "चाचा, देवाचं नाव हाय म्हंजी तिची पूजा झालेलीच हाय. पर तुमची काठी बिनपूजेची दिसतीया, ती आणा हिकडं." म्हातारा तिच्या पिवळ्या बोटाकडं बघत राहिला, मग हसून त्यानं काठी पुढं केली. हिनं तिला हळद-कुंकवाची बोटं टेकवून हात जोडले. नंतर त्यानंच आम्हाला सगळा महाल फिरवला. आता पोरं म्हणतात, आबा, आईचा विषय काढू नका, तुम्हाला त्रास होतो. होऊ दे त्रास. असली बाई होती, मी सांगणारच.