पास्टरांची साक्ष

आमच्या पास्टरांना माइकशिवाय देवाशीसुद्धा बोलता येत नसे. अंबरनाथला एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आमची उपासना भरायची. माणसं जेमतेम तीस-पस्तीस आणि पुढे दोन मोठे स्पीकर. आवाज गोड होता, तेवढं श्रेय देते. त्या आवाजामागे दुसरं काही नव्हतं.

त्यांचं सगळं भांडवल म्हणजे एक साक्ष. देवाने आपल्यासाठी काय केलं ते आमच्यात उभं राहून सगळ्यांना सांगतात, ती साक्ष. "माझ्या पत्नीच्या शुगरपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. मी गुडघ्यांवर बसलो. सकाळी रिपोर्ट क्लीन!" उल्हासनगरच्या सभेत हेच हिंदीत व्हायचं आणि तिथल्या साक्षीत डॉक्टर रडायचेसुद्धा. त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणायचो. बऱ्या झालेल्या म्हणून त्यांना उभं केलं की त्या खालमानेने उभ्या राहायच्या.

आता खरं सांगते. बाईंचं इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये असायचं, लोणच्याच्या बरणीमागे. पास्टरांच्या घरी माणसांचा राबता. कुणी पाण्यासाठी फ्रिज उघडला तर साक्षीचं काय होणार? ही जागा पास्टरांनीच सुचवली होती. बाई जेवणाआधी यायच्या, टोचून घ्यायच्या आणि निघायच्या.

"बाई, तुम्ही गप्प का बसता?" मी चिडून विचारायची.

"लोकांचा विश्वास डळमळेल गं."

मला त्यांचाही राग यायचा. पण कुणी आजारी पडलं की आमटी-भाताचा डबा घेऊन पोचायच्या त्या बाईच. पास्टर नंतर यायचे, फोटोपुरते.

आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या मंगललाही शुगर होती. साक्ष ऐकून तिने इंजेक्शन सोडलं आणि ती कामावरच कोसळली. दवाखान्यात बाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर मंगल म्हणाली, "बाई, तुम्ही सोडलं म्हणून मी पण सोडलं. माझाच विश्वास कमी पडला."



मंगल उपासनेला आली त्या रविवारी पास्टर साक्षीला उभे राहिले, तशा बाईही उठल्या, कुणी न सांगता. "मी बरी झालेले नाही. रोज इंजेक्शन घेते. मंगल, तूही घे. देव त्याला रागवत नाही."

पास्टरांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं. पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की सैतानाने त्यांच्या घरावर हल्ला केलाय. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. मग त्यांना बदलापूरला सेवेचं बोलावणं आलं, असं त्यांचं म्हणणं. बाई गेल्या नाहीत. आमच्याच गल्लीत खोली घेऊन त्या शिवणकाम करू लागल्या.

मध्यंतरी एका लग्नात मला बदलापूरच्या एक काकू भेटल्या. पास्टरांचं नाव काढताच त्यांचे डोळे भरले. "बिचारे. पत्नी प्रभूकडे गेली, तरी सेवा सोडली नाही."

तशीच तणतणत मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. मला वाटलं, आता रडतील.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत. सुटले मी."