चौदा शिटांची जीप

दुरुस्तीला टाकून कुणी न्यायलाच येत न्हाई, असे टीव्ही माझ्या वसमतच्या दुकानात लई. किश्श्यांचंही तसंच, सांभाळत बसावं लागतं. राठोडमामांच्या जीपचे तर तीन-चार हाईत, अन् प्रत्येकात चूक माझीच!

गावात मोबाईल नुकते आले व्हते तवाची गोष्ट. तांड्यावरचे राठोडमामा वसमत-आखाडा बाळापूर जीप चालवायचे. मामी वारल्या, मग मामांचे गुडघे गेले, अन् जीप अंगणात उभी राहिली. मी लई शहाणा! म्हणलं, "मामा, भंगारात द्या, जागा तरी मोकळी व्हईल." दिली त्यांनी. तवापासून रोज दुसऱ्याच्या जीपनं माझ्या दुकानात येऊन रस्त्याकडं बघत बसायचे. शेजारी मोटार वायंडिंग करणारा सलीम मला म्हणाला, "झाली ना जागा मोकळी? आता भर!"

म्हणून आमी दोघांनी रिमोटवर चालणारी, हुबेहूब तशीच छोटी जीप करायला घेतली. जुन्या जीपचा फोटो एकही न्हाई. मामांना विचारलं, "लांबी किती व्हती वो?"

"चौदा शिटा!"

"फुटात सांगा ना."

"फुटात कोण बसतंय?"

खेळण्याच्या गाडीची चाकं गुळगुळीत निघाली. सलीमनं माझ्या रबरी चपला कापून खाचांचे टायर केले. मी अनवाणी घरी! बायको म्हणाली, "लोकं गाडी आली की पायी चालणं सोडतेत, तुमी चपला सोडल्या!"

पहिली ट्रायल गिट्टीच्या ढिगावर. जीप अर्ध्यात जायची, तोंड वर करायची अन् मागं उलटायची. दोन दिवस आमी मोटारी बदलून राहिलो. मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "पुढं शिटा घ्या की!" पुढच्या बाजूला वजनाला शिशाचे तुकडे बांधले, तर सरळ चढली! मामा लई दिवसांनी हसले. मला वाटलं, फिटली चूक.

बॉडी मात्र आमी लपवून केली. तेलाच्या डब्याचा पत्रा, काळा-पिवळा रंग, कुठं एक सुरकुती न्हाई. तांड्यावर नेऊन मामांच्या हातात दिली. मामांनी डाव्या मडगार्डवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"पोचा कुठं हाय?"

"कोणता पोचा, मामा?"

"तुमची मामी जीप शिकायला बसली, तवा अंगणातल्या या लिंबाच्या झाडावर घातली व्हती. बारा वर्षं मी कुणाला तो काढू दिला न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा मोकळी करायच्या नादात मी काय काय भंगारात घालवलं व्हतं! म्हणलं, "हातोडीनं ठोकून देतो, मामा."

"हातोडीनं न्हाई व्हत ते."

मामांनी रिमोट घेतला अन् जीप सरळ लिंबावर घातली. पोचा पडला, पण उजवीकडं. मामा तिथंच खाली बसले.

"बघा," म्हणाले, "तिला पहिल्याच दिवशी जमलं. अन् मी तीस वर्षांचा डायवर!"